वैनगंगेवर दोन कॅमेरे

कॅमेरा घ्यायचाय? मग मॉलमधल्या काचेच्या कपाटासमोर तास-तास उभं राहू नका. तिथे काही म्हणजे काही कळत नाही. वर पांढरेशुभ्र दिवे, गारेगार एसी, आणि सेल्समन सांगणार, ‘त्या समोरच्या काउंटरचा फोटो काढून बघा ना मॅडम!’ अशा ठिकाणी कुठलाही कॅमेरा शंभरपैकी शंभर मार्क मिळवणारच. माझं ऐका. उसना मिळो, भाड्याने मिळो, हाती लागेल तो कॅमेरा घ्या आणि गोसीखुर्दला जा.

गोसी… कुठे? हा प्रश्न मला पुण्यात निदान दहा जणांनी विचारला. नाव पेपरात वाचलेलं असतं, तेही पावसाळ्यात. धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना इशारा, एवढ्यापुरतं. तर भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या वरच्या अंगाला वैनगंगेवर हे धरण आहे. भिंत अकरा किलोमीटरहून लांब, दरवाजे ३३. कागदोपत्री नाव इंदिरासागर, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतील.

गेल्या जानेवारीत मी तिथे तीन दिवस होते. दोन कॅमेरे, एक लेन्स आणि एक निर्णय घेऊन. आई म्हणते, फ्रीलान्सरने आयुष्यात दोनच गोष्टींना घाबरावं, लग्न आणि ईएमआय. पहिली मी अजून पुढे ढकलतेय. दुसरी मात्र दारात येऊन उभी होती, कारण माझी जुनी बॉडी आता खरोखरच थकली होती आणि खिशात एकाच नव्या बॉडीचे पैसे होते.

आरसेवाला आणि बिनआरशाचा

उमेदवार पहिला: निकॉन डी ५००. नागपूरचा माझा एक मित्र लग्नांचे फोटो काढतो. त्याने सगळा संसार मिररलेसवर हलवला आणि हा कॅमेरा विकायला काढला. २०१६ चं मॉडेल. त्या काळात पक्ष्यांमागे फिरणाऱ्या मंडळींचा हा जीव की प्राण होता. सेकंदाला दहा फोटो, फोकसचे १५३ बिंदू, आणि हातात धरला की वीट धरल्यासारखं वाटतं. चांगल्या अर्थाने!

उमेदवार दुसरा: त्याच कंपनीचा झेड ५०-टू. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला. हा मी नागपुरातून तीन दिवसांसाठी भाड्याने घेतला. नवाकोरा घेतला तरी मित्राच्या डी ५०० पेक्षा फार महाग पडत नव्हता. म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. तेवढ्याच पैशांत जुना, पण वरच्या वर्गातला डीएसएलआर, की नवा, पण पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा मिररलेस?

ज्यांना हा मामला नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर आपटून वर जातो आणि भिंगातून तुमच्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, ‘खटॅक्’ आवाज होतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकलाय. उजेड थेट सेन्सरवर, आणि डोळ्याला लावायच्या खिडकीत एक चिमुकला टीव्ही. डीएसएलआरमध्ये तुम्ही समोरचं जग बघता, मिररलेसमध्ये त्या जगाचं प्रक्षेपण. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

आमच्या जोडगोळीची गंमत अशी, की दोघांचाही सेन्सर त्याच मापाचा आणि दोघांचंही रिझोल्यूशन २०.९ मेगापिक्सेल. लेन्सही एकच, माझी २००-५००. २०१५ साली बाजारात आलेली, मी सेकंडहँड घेतलेली, एका अख्ख्या लेखमालेचं मानधन गिळून बसलेली. डीएसएलआरवर ती थेट बसते, मिररलेसवर मध्ये एक अडॅप्टर लावून. तेव्हा फोटोत जो फरक पडेल तो मधल्या जवळजवळ नऊ वर्षांचा.

आणि हो, ‘मिररलेस हलका असतो’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याच्या भरवशावर न राहता कंपनीचेच आकडे मांडले. डी ५०० बॅटरीसकट ८६० ग्रॅम. झेड ५५० ग्रॅम, अडॅप्टर १२५ ग्रॅम. लेन्स दोन्हीकडे २३०० ग्रॅम. बेरीज करा. फरक १८५ ग्रॅमचा! म्हणजे दोन केळी. मोठी लेन्स लावणार असाल तर वजनाचा मुद्दा डोक्यातून काढून टाका. तीन किलो खांद्यावर येणार म्हणजे येणार.

तर्री, मिरच्या आणि धुकं

नागपूरहून उमरेड, भिवापूर आणि पवनी असा रस्ता आहे. उमरेडला कोळशाच्या खाणी, भिवापूरला मिरच्या. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि तिचा रंग बघितला की कुठल्याही कॅमेऱ्याला घाम फुटेल. लाल रंग जरा जास्त झाला की फोटोत नुसता चिखल होतो. वाटेत तर्री-पोहे खाल्ले. तर्रीबद्दल मी इथे लिहिणार नाही, नाहीतर लेख तिथेच संपेल.

पवनी हे गाव म्हणजे एक स्वतंत्र लेख आहे. वैनगंगेचे घाट, पावलोपावली देवळं, जुन्या कोटाचे अवशेष. १९६९-७० मध्ये इथे उत्खनन झालं तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. म्हणजे हे गाव दोन हजारांहून जास्त वर्षं नदीकाठी बसलेलं आहे. वैजेश्वराच्या घाटावर पहाटे पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ गायब. दोन्ही कॅमेऱ्यांना इथे पहिला पेपर होता आणि दोघांची स्वभावं लगेच कळली.

डीएसएलआरच्या खिडकीतून मला दिसलं ते धुकंच. राखाडी, ओलसर, माझ्या डोळ्यांना दिसत होतं तसंच. फोटो मात्र काळपट आला, कारण धुक्याच्या पांढऱ्याने लाइट मीटर फसतो. हे माहीत असतं, मग आपण हाताने एक्सपोजर वाढवतो, परत काढतो, मागे स्क्रीनवर बघतो. मिररलेसच्या खिडकीत फोटो कसा येणार तेच आधी दिसत होतं. चाक फिरवलं, धुकं उजळलं, बटण दाबलं, काम झालं. शिकणाऱ्याला हा केवढा मोठा आधार आहे! बगळ्याची पांढरी पिसं जळणार की वाचणार हे बटण दाबण्याआधीच कळतं.

पण एक गोष्ट सांगते. त्या पहाटे मी जास्त वेळ डीएसएलआरच डोळ्याला लावून उभी होते. फोटो काढायला नाही, नुसती बघायला. ज्यांनी लहानपणी दुर्बीण डोळ्याला लावलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

धीवर आणि ढिवर

दुसऱ्या दिवशी धरणाच्या मागच्या पाण्यावर गेले. अर्धवट बुडालेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. आणि काठाजवळ, पाण्यापासून दहा-बारा फुटांवर, हवेत एका जागी फडफडत थांबलेला कवड्या धीवर. काळापांढरा, एखाद्या खेळण्यासारखा. धीवर म्हणजे आपला खंड्या. चितमपल्लींनी आपल्या पक्ष्यांच्या नावांसाठी जो खटाटोप केला त्याची किंमत अशा जागी कळते. त्यांचं नवेगावबांध इथून लांब नाही, १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत ते याच जिल्ह्यात होतं. आणि गंमत बघा, या भागात मासेमारी करणारा समाज म्हणजे ढिवर. एकाच पाण्यावर दोघं, नावांत कान्या-मात्रेचाच काय तो फरक.

हा पक्षी हवेत थांबतो, थांबतो, थांबतो… आणि दगड पडावा तसा पाण्यात पडतो. माणसाला दिसलं, मेंदूला कळलं, बोटाला निरोप गेला, तोवर तो मासा घेऊन परत वर! डीएसएलआरने मी सुमारे तीनशे फोटो काढले. आरशाची खटखट, सेकंदाला दहाचा मारा. कॅमेऱ्याने कुठे म्हणून मान टाकली नाही. फोकसचा बिंदू पक्ष्यावर ठेवायचं काम मात्र माझं होतं, आणि तीन किलो हातात धरून ते करताना दंड भरून येतात. तीनशेमधले सात-आठ फोटो खरोखर चांगले आले. एकात पाण्याचा मुकुट होता, पक्षी आत गेलेला.

मग झेड काढला. यात पक्षी ओळखायची सोय आहे. खिडकीत पक्षी आला की त्याच्या डोळ्यावर छोटा चौकोन येऊन बसतो आणि पक्षी हलेल तसा हलतो. पहिल्यांदा बघितलं की हसूच येतं. या कॅमेऱ्याला नऊ गोष्टी ओळखता येतात: माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, मोटार, मोटरसायकल, सायकल, आगगाडी आणि विमान. यादी वाचताना माझ्या मनात आलं, करणाऱ्याने कधी वैनगंगा बघितलेली नाही. यात डोंगा नाही, म्हैसही नाही!

याहून भारी गोष्ट पुढे आहे. बटण अर्धं दाबून धरलं की हा कॅमेरा आत गुपचूप फोटो साठवत राहतो. तुम्ही पूर्ण दाबलंत की दाबण्याआधीचा एक सेकंद तुमच्या हातात. म्हणजे तुम्हाला उशीर झाला तरी कॅमेऱ्याला झालेला नसतो. मला धीवर पाण्याला चोच लावतानाचा फोटो मिळाला तो असा. यात खोट काढायचीच तर दोन आहेत. हे फोटो फक्त जेपेगमध्ये मिळतात, आणि सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगाने फडफडणारा पंख कधीकधी रबराच्या पट्टीसारखा वाकडा येतो. असला सेन्सर असलेल्या कुठल्याही कॅमेऱ्यात हे होणार. वेगवान सेन्सरचे महागडे मिररलेस आहेत, त्यांच्यात हा वाकडेपणा जवळजवळ नाहीसा झालाय, पण त्यांच्या किमतीत इकडे दोन म्हशी येतात.

बॅटरी? इथे जुन्याचा विजय निर्विवाद. कंपनीच्या मोजमापानुसार डी ५०० एका बॅटरीत १२४० फोटो काढतो, झेड अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात सलग मारा केला तर दोघंही यापेक्षा पुष्कळ जास्त काढतात, पण प्रमाण साधारण हेच राहतं. कारण सोपं आहे. आरशाला वीज लागत नाही. तुम्ही अर्धा तास धीवराची वाट बघत खिडकीला डोळा लावलात तर डीएसएलआर जवळपास झोपून असतो, मिररलेसचा टीव्ही मात्र चालूच. पण तो पॉवरबँकवर चार्ज होतो. जुन्याला चार्जर आणि भिंतीतला प्लग लागतो, आणि मागच्या पाण्यावर भिंत एकच, अकरा किलोमीटरची, तिला प्लग नाही.

‘आवाज त आलाच नाही’

सकाळी डोंगे काठाला लागतात. रोहू, कतला, झिंगे. जागेवरच वजनकाटा, जागेवरच भाव, आणि तासाभरात सगळं आटोपतं. इथे मला वाटलं होतं मिररलेस बाजी मारणार. आवाज पूर्ण बंद करता येतो ना! ‘कोणाला कळणारसुद्धा नाही’, असं आपण फोटोग्राफर लोक मोठ्या अभिमानाने म्हणतो.

जाळं झटकणाऱ्या एका काकांना विचारून फोटो काढायला लागले. ते ताठ उभे राहिले. मी आवाज बंद ठेवून चार-पाच काढले. ते तसेच ताठ. शेवटी म्हणाले, “निंगाला का जी फोटू?” म्हटलं, हो, झाले की पाच. तर म्हणे, “आवाज त आलाच नाही.” त्यांना आवाज हवा होता. आवाज आला की फोटो निघाला, मग अंग सैल सोडायचं, हसायचं, कामाला लागायचं. डीएसएलआर काढला, ‘खटॅक्’ झालं, काका हसले आणि परत जाळ्याकडे वळले. मला हवा होता तो फोटो त्या वळण्यातला आहे. त्यानंतर मी झेडचाही यांत्रिक शटर चालू केला. माणसांचे फोटो काढताना आता तो बंद करायचा नाही, असं ठरवलंय. समोरच्याला कळायला हवं की आपण त्याच्याकडून काहीतरी घेतलं.

काका फोटोपेक्षा जलपर्णीबद्दल जास्त बोलले. हिरवा गालिचा दिसतो ना फोटोत, फार सुंदर वगैरे? त्यात जाळं अडकतं, डोंगा अडकतो. ही वनस्पती माजते ती घाण पाण्यावर. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा इथे येऊन थांबते. म्हणजे नागपुरातल्या फ्लॅटमध्ये फ्लश ओढला जातो त्याचा हिशोब इथल्या जाळ्यात निघतो. हा हिरवा रंग दोन्ही कॅमेऱ्यांत अप्रतिम येतो. तीच तर पंचाईत आहे.

आंगणाचा फोटो

धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, सुधारित आकडा पुढे १८ हजार कोटींच्याही वर गेला. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. मी जन्माला यायच्या आधी सुरू झालेलं काम माझ्या अख्ख्या शाळा-कॉलेजात चालूच होतं. मधल्या काळात पाणी टप्प्याटप्प्याने वाढत गेलं आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावं उठत गेली. मोबदल्यासाठी, पुनर्वसनासाठी लोक नदीत उतरून आंदोलनाला उभे राहिले, एकदा नाही, कितीतरी वेळा.

अशाच एका नव्या गावठाणात मी दुपारी गेले होते. सरळ रेषेतले रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट. एका ओसरीवर एक आजी धान निवडत होत्या. गळ्यातले दोन कॅमेरे बघून त्यांनी विचारलं, “काहाले आल्या जी बाई?” म्हटलं, कॅमेरा घ्यायचाय, कुठला घ्यावा ते बघतेय. याच्यावर त्या जे हसल्या! मग आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो घेऊन आल्या.

पोस्टकार्डाएवढा रंगीत प्रिंट, रंग उडून नारिंगी झालेला. मुलीच्या लग्नातला. मांडव, हळदीचे हात, ओळीने उभी माणसं. त्यांचं बोट मात्र माणसांवर नव्हतं. मागे, डाव्या कोपऱ्यात, अर्धा फोकसबाहेर गेलेला एक दरवाजा आणि त्याच्यापुढचं सारवलेलं अंगण. “हे आमचं घर. आता थे पान्यात हाय. दुसरा फोटू नाही.”

लग्नाचे फोटो काढणाऱ्या कोणीतरी रोलवर काढलेला हा फोटो. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, देव जाणे. त्या माणसाला घराचा फोटो काढायचाच नव्हता. घर नुसतं मध्ये आलं.

सकाळीच मी बटण दाबण्याआधीचा एक सेकंद पकडणाऱ्या कॅमेऱ्यावर खूश झाले होते. ओसरीवर बसल्या-बसल्या मला ते आठवलं. पाणी यायच्या आधी या गावाकडे कोणी मुद्दाम म्हणून कॅमेरा रोखला असता तर, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी ते आजींना बोलून दाखवलं नाही.

त्या प्रिंटचा फोटो मात्र काढला. उन्हाची तिरीप चुकवून, सावलीत, पाटावर ठेवून. हे काम मिररलेसवर फारच सोपं जातं. खिडकीत चित्र मोठं करून धान्याच्या दाण्याएवढ्या तपशिलावर हाताने फोकस लावता येतो. दरवाजावर लावला. मग स्क्रीन बाहेर काढून पूर्ण उलटा फिरवला आणि आजींच्या पुढे धरला. डी ५०० चा स्क्रीन वर-खाली झुकतो, असा समोरच्याकडे वळत नाही. पडद्यावर दरवाजा मोठा झालेला बघून आजींनी शेजारणीला हाक मारली. शेजारीण आपला फोटो घेऊन आली. तिच्यामागे आणखी दोघी. संध्याकाळपर्यंत मी तेरा जुन्या फोटोंचे फोटो काढले आणि तिथल्या तिथे नातवंडांच्या मोबाइलवर पाठवले. एकात पिंपळाचा पार होता, एकात शाळेची पायरी, एकात नुसतीच एक बैलजोडी आणि मागे विहिरीचा काठ. त्या विहिरीवरून दोघींचं चांगलंच जुंपलं. विहीर कोणाच्या वाड्यातली, यावर!

रात्री त्याच भागात झाडीपट्टीचं नाटक होतं. दिवाळीनंतर सुरू होणारा हा मोसम जानेवारीत जोरात असतो. गावच्या मैदानात मांडव, थंडीत शाली पांघरलेली हजारभर माणसं, आणि मध्यरात्र उलटली तरी कोणी उठायचं नाव नाही. कॅमेऱ्यांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. अंधारात दोघं सारख्याच तोलाचे. मिररलेसचा मुका शटर एलईडीच्या दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटवतो, यांत्रिक लावला की पट्टे जातात. आवाजाची काळजी तर सोडाच, खलनायक माईकवर ओरडत होता, तिथे आरशाची खटखट कोणाच्या बापाला ऐकू येणार?

कोणी काय घेतलं

मी झेड घेतला. दोन जादा बॅटऱ्यांसकट. जुन्या फोटोंची ती दुपार नसती तर कदाचित डी ५०० घेतला असता, कारण डोळ्याला अजूनही तोच आवडतो. पण मला माणसांपुढे पडदा फिरवता यायला हवाय, आणि माझी जुनी लेन्स अडॅप्टरवर आणखी काही वर्षं सुखाने चालणार आहे. शिवाय वारा कुठून वाहतोय ते दिसतंच आहे. २०२० मध्ये जगभरात पहिल्यांदा डीएसएलआरपेक्षा मिररलेस जास्त विक्रीला गेले, त्यानंतर निकॉन आणि कॅनन दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. डी ५०० चं उत्पादन २०२२ मध्येच थांबलं.

मग काय, डीएसएलआर मेला? छे! मित्राचा डी ५०० कोणाकडे गेला ते ऐका. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाइड असलेला एक पोरगा. हे तेच जंगल, जिथला ‘जय’ नावाचा देखणा वाघ २०१६ च्या एप्रिलनंतर कोणाला दिसला नाही. हा पोरगा इतकी वर्षं पर्यटकांच्या लाखालाखाच्या कॅमेऱ्यांना ‘ताई, तिकडं बघा, डावीकडं’ सांगत आलेला, स्वतः मात्र मोबाइलवर फोटो काढणारा. जिप्सीत माझ्या मांडीवरचा डी ५०० त्याने हातात घेतला आणि विचारलेला पहिला प्रश्न ऐकून मी गार झाले. “ताई, शटर काउंट किती हाय?”

अगदी बरोबर प्रश्न! जुना डीएसएलआर घेताना हाच विचारायचा. मोटारीच्या किलोमीटरसारखा हा आकडा असतो. डी ५०० चा शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेला आहे, मित्राचा १ लाख ४० हजारांवर होता. पोराने मनातल्या मनात हिशोब केला, किंमत त्याच हिशोबाने पाडली आणि तीन हप्त्यांत देण्याच्या बोलीवर कॅमेरा घेतला. लेन्स म्हणून एक जुनी ७०-३०० आणि तीही दुसऱ्याची. मी वर्षातून तीन दिवस तिथे जाणार, तो तीनशे दिवस तिथे असणार. शहरातल्या हौशी लोकांनी मिररलेससाठी टाकून दिलेले डीएसएलआर सध्या अशाच पोरांच्या हातात जाताहेत, तालुक्याच्या गावी, निम्म्या किमतीत. तुमच्या कपाटात एखादा पडला असेल तर ऑनलाइन मोडीत काढण्याआधी जरा विचारपूस करा. मार्चमध्ये त्याने मला पहिला फोटो पाठवला. वाघबिघ नव्हता. मागच्या पाण्यावरचा डोंगा होता, आणि त्यात उभे असलेले त्याचे वडील.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. एप्रिल-मे मध्ये भंडाऱ्याचं ऊन कॅमेऱ्यालाही सोसत नाही आणि माणसालाही. नागपूरहून गाडीने पवनी साधारण दोन तास, एसटीही आहे. पवनीत राहण्याच्या सोयी साध्या आहेत, फार लाड हवे असतील तर मुक्काम नागपुरात ठेवा आणि पहाटे चारला निघायची तयारी ठेवा. धरणाच्या भिंतीवर जायचं तर परवानगीची चौकशी आधी करा आणि ड्रोन घरीच ठेवा. अभयारण्याचं बुकिंग ऑनलाइन होतं. येताना वेगळ्या वाटेने या, कुहीकडून आंभोऱ्याला उतरा. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथे लिहिला असं मानतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि आता नदीवर तारांनी तोललेला नवा पूलही झालाय. पुलावरून मागचं पाणी दूरवर पसरलेलं दिसतं. आणि मिररलेस नेलात तर जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, पहाटेच्या गारठ्यात ती बाहेर ठेवली तर भराभर उतरते.